जुनी इनबोर्ड बोट घेताय? आधी पाण्याची वाट तपासा

कोल्हापूरच्या उद्यमनगरात कुठल्याही शेडच्या दारात उभं राहून नुसतं 'डिझेल इंजिन' म्हटलं तरी आतून दोन माणसं बाहेर येतात. एक विचारतो किती एचपी, दुसरा विचारतो कुठल्या कंपनीचं. त्यामुळे मालवणला किंवा देवगडला स्वस्तात जुनी बोट दिसली, की कोल्हापूरचा माणूस लगेच हिशोब मांडतो. बोट उचलायची, इंजिन आपल्याकडं आणायचं, मिस्त्रीकडून खोलून घ्यायचं, झालं काम.

हा हिशोब निम्मा बरोबर आहे. लायनर-पिस्टन, क्रँक ग्राइंडिंग, हेडचं फेसिंग, पंप-नोझलचं कॅलिब्रेशन ही कामं इथं गल्लोगल्ली होतात. निम्मा हिशोब चुकतो तो पाण्यापाशी. ट्रकला रेडिएटर असतो आणि सायलेन्सरमधून कोरडा धूर जातो. बोटीत समुद्राचं पाणी एका बाजूनं आत येतं, इंजिनाची उष्णता घेतं आणि धुरात मिसळून मागून बाहेर पडतं. या वाटेवरची प्रत्येक वस्तू खारं पाणी हळूहळू कुरतडत असतं. जुन्या इनबोर्डची बहुतेक दुखणी याच वाटेवर सापडतात, आणि ट्रकच्या सवयीनं बघणारा माणूस नेमकी तीच बघत नाही.

कुठली बोट, आणि कुठली नको

इनबोर्ड म्हणजे इंजिन बोटीच्या पोटात आणि तळातून शाफ्ट बाहेर जाऊन शेवटाला पंखा. आउटबोर्ड मागच्या फळीवर लटकतं. स्टर्नड्राइव्ह यांच्या मधला प्रकार: इंजिन आत, गिअर-पंख्याचा पाय बाहेर. इथं मी मुख्यतः २० ते २६ फुटांच्या, डिझेल इनबोर्ड असलेल्या एफआरपी, म्हणजे फायबरच्या बोटीबद्दल बोलतोय, कारण कोकण किनाऱ्यावर आणि गोव्यात वापरून झालेल्या अशा बोटी विकायला निघतात आणि त्यांचं इंजिन आपल्याकडच्या मिस्त्रीला ओळखीचं वाटतं. अशोक लेलँडचं मरीन इंजिन खोललं तर आतले बरेच भाग ट्रकवाल्याच्या रोजच्या हाताखालचेच असतात.

२०१९ आणि २०२१ च्या महापुरांनंतर करवीर-शिरोळकडं अनेकांच्या मनात 'आपल्या गावाला एक बोट हवी' हा विचार आला. विचार चांगला आहे, पण त्या कामाला इनबोर्ड घेऊ नका. हिचा पंखा तळाखाली पक्का बसलेला असतो, वर उचलता येत नाही. पुराच्या पाण्यात बुडालेलं कुंपण, उसाचा फड, विजेच्या तारा यांत तो पहिल्याच फेरीत अडकेल. तिथं वर उचलता येणारं आउटबोर्डच पाहिजे.

पेट्रोल इनबोर्ड स्वस्त मिळते, आणि ती स्वस्त का याचं कारण समजून घेऊनच हात घाला. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती बोटीच्या तळात साचून राहते आणि एका ठिणगीवर पेटते. म्हणून अशा बोटीत तळातली हवा बाहेर फेकणारा ब्लोअर असतो. स्टार्टरला हात लावण्याआधी तो किमान चार मिनिटं चालवायचा, मग नाकानं वास घ्यायचा, आणि मगच किल्ली फिरवायची. हिचा स्टार्टर आणि अल्टरनेटर आतली ठिणगी बाहेर न जाऊ देणारे असतात. लक्ष्मीपुरीतून कारचा स्टार्टर आणून बसवला तर इंजिन सुरू होईल. एखाद्या दिवशी बोट उडेलही. शिवाय आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं, ते ओलावा ओढतं आणि जुने रबरी पाइप फुगवतं. पहिल्यांदा घेणाऱ्यानं डिझेलच घ्यावं, असं माझं मत.

बघायला कधी जायचं

मेच्या पहिल्या पंधरवड्यात. १ जून ते ३१ जुलै समुद्रात मासेमारी बंद असते आणि जलपर्यटनाच्या बोटीही मेअखेरीपासून काठावर ओढल्या जातात. पावसाळाभर बोट सांभाळायची म्हणजे ताडपत्री आली, जागा आली, माणूस आला. ज्याला विकायचीच आहे तो मे महिन्यात भावाला नरम असतो. आणि तेव्हा पाणी अजून शांत असतं, त्यामुळे समुद्रात चालवून बघता येतं आणि लगेच ओढून तळही बघता येतो. जूनमध्ये गेलात तर फक्त ताडपत्रीखालची बोट दिसेल आणि 'इंजिन एकदम बरा आसा, कायेक बगूक नको' एवढं ऐकायला मिळेल. चाचणीशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. फार तर इसार द्या आणि चाचणीची अट कागदावर लिहून घ्या.

काठावर असताना

इंजिनाकडं सगळ्यात शेवटी बघा. आधी तळ. प्लास्टिकच्या हातोडीनं किंवा रुपयाच्या नाण्यानं पृष्ठभाग ठोकत चला. टणक, स्वच्छ आवाज आला पाहिजे. आवाज बसका झाला की आतले थर सुटलेत किंवा आतलं लाकूड ओलं झालंय. मागची फळी आणि इंजिन ज्यावर बसतं ते दोन लांब बेड, या दोन जागा कसून ठोका. बऱ्याच बोटींत बेडच्या आत लाकूड असतं आणि वरून फायबर चढवलेलं. इंजिनाचा फाउंडेशन बोल्ट ढिला करून बघता आला तर उत्तम. त्याच्या आट्यांना ओला काळा भुसा लागून आला तर बोट तिथंच सोडा. इंजिन दुरुस्त होतं. बेड बदलायचा म्हणजे इंजिन काढून अर्धी बोट फोडायची.

मग पंखा धरून शाफ्ट वर-खाली हलवा. खडखडीत खेळ जाणवला तर शाफ्टचं रबरी बेअरिंग गेलंय. ते बदलणं स्वस्त आहे, पण ते का झिजलं हे विचारा. बहुतेक वेळा इंजिन आणि शाफ्ट एका रेषेत नसतात. पंख्याच्या पात्यांची कड हातानं चाचपा. पितळ गुलाबी पडून ठिसूळ झालं असेल तर त्यातलं जस्त निघून गेलंय, म्हणजे बाकीच्या धातूऐवजी स्वतः झिजण्यासाठी बोटीला लावलेले झिंकचे तुकडे वेळेवर बदललेले नाहीत. ज्यानं ते बदलले नाहीत त्यानं बाकीचंही बहुधा केलेलं नसतं.

गार इंजिन

विक्रेत्याला आदल्या रात्रीच सांगून ठेवा: मी येईपर्यंत इंजिन सुरू करू नका. गेल्यावर पहिलं काम म्हणजे ब्लॉकवर तळहात ठेवा. कोमट लागलं तर कुणीतरी आधी चालवून ठेवलंय, आणि गार स्टार्टचा त्रास लपवलाय. चहा घ्या, गप्पा मारा, ते पूर्ण गार होईपर्यंत थांबा.

डिपस्टिक काढा. काळं तेल चालतं. दुधाळ, करडं तेल चालत नाही, त्यात पाणी आहे. नवंकोरं, सोनेरी तेल दिसलं तर मात्र जास्त शंका घ्या आणि जुनं तेल कुठं टाकलं ते विचारा. गिअरबॉक्सची डिपस्टिक वेगळी असते, लोक ती बघायला विसरतात. ती दुधाळ असेल तर गिअर ऑइलचा कूलर आतून फुटलाय. थोडं तेल स्वच्छ बाटलीत घेऊन तेल तपासणाऱ्या प्रयोगशाळेला देता येतं. रिपोर्टात सोडियम चढलेलं दिसलं तर खारं पाणी आत गेल्याचा पुरावा मिळाला, मग विक्रेता काहीही म्हणो.

रेडिएटरच्या झाकणासारखं झाकण इंजिनावर आहे का बघा. असेल तर आतून गोडं पाणी आणि कूलंट फिरतं, बाहेरून समुद्राचं पाणी ते गार करतं. नसेल तर समुद्राचं पाणी थेट ब्लॉकमधून फिरतंय. असं इंजिन किती वर्षं खाऱ्यात होतं ते विचारा आणि ब्लॉक आतून गंजलेलाच आहे असं धरून भाव करा.

आता सुरू करायला सांगा. बरं डिझेल दोन-चार सेकंदांत पकडतं. सुरुवातीला पांढरा धूर आला आणि मिनिटभरात गेला तर हरकत नाही. तो जातच नसेल तर डिझेल नीट जळत नाही, म्हणजे नोझल किंवा कॉम्प्रेशन. पांढऱ्या धुराला कूलंटचा गोडसर वास असेल तर हेड गॅस्केट. निळा धूर म्हणजे तेल जळतंय. काळ्या धुराचा निकाल पाण्यात लोड देऊनच लागतो.

तास दाखवणाऱ्या मीटरवर विश्वास ठेवू नका. तो बदलता येतो, आणि कमी तास ही काही चांगलीच गोष्ट नसते. वर्षातून आठ दिवस चालून बाकी वर्ष खाऱ्या हवेत उभं राहिलेलं इंजिन रोज चालणाऱ्या ट्रॉलरच्या इंजिनापेक्षा वाईट अवस्थेत असतं.

पाण्यात

इथं घाई केली की पुढं महाग पडतं. सोबत तापमान मोजायची गन घ्या, बाजारात सहज मिळते. निदान तासभर चालवा.

आधी बंदरातच, बोट बांधलेली असताना, गिअर पुढं-मागं टाकून बघा. गिअर उशिरा पकडत असेल, किंवा आरपीएम वाढूनही शाफ्ट त्याच वेगानं फिरत असेल तर क्लच घसरतोय. मग मध्यम वेगानं वीसेक मिनिटं. तापमानाचा काटा एका जागी थांबला पाहिजे. मागं जाऊन एक्झॉस्ट बघा: धुरासोबत पाणी पिचकारीसारखं भरपूर पडलं पाहिजे. पाणी कमी आणि वाफ जास्त दिसली तर पाण्याची वाट अडलीय.

मग पाचेक मिनिटं पूर्ण थ्रॉटल. इंजिनाच्या प्लेटवर किंवा माहितीपत्रकात कमाल आरपीएम लिहिलेला असतो, तिथपर्यंत इंजिन पोचलं पाहिजे. ३६०० चं इंजिन ३००० वरच दम टाकत असेल आणि काळा धूर सोडत असेल तर तळाला शेवाळ-शंख असतील, पंखा मोठा असेल, एक्झॉस्ट तुंबलेला असेल, किंवा इंजिनच थकलेलं असेल. पहिली दोन कारणं किरकोळ, चौथं महाग, आणि पाण्यात असताना चारही सारखीच दिसतात. म्हणून तळ स्वच्छ करून पुन्हा चालवून दाखवायला सांगा.

पूर्ण वेगानंतर आयडलला आणून ऑइल प्रेशर बघा. गरम इंजिनाचं आयडलवरचं प्रेशर खरं सांगतं. इंजिनाचं झाकण उघडून तेल ओतायची टोपी सैल करा. जराशी वाफ चालते, पण भसाभसा फुंकर येत असेल तर रिंग-लायनर गेलेत. सौदा पुढं जाणार असेल तर कॉम्प्रेशन मोजून घ्या. आकडा किती आला यापेक्षा सिलिंडरांमधला फरक बघा. दहा टक्क्यांवर फरक असेल तर इंजिन खोलावं लागेल असं धरून भाव पाडा.

कागद

इंजिन नंबर आणि बोटीचा नंबर स्वतः वाचून कागदाशी ताडा. इंजिन बदललेलं असतं आणि कागदावर जुनंच असतं, हे सर्रास होतं. बोट मासेमारीसाठी मत्स्यव्यवसाय विभागाकडं नोंदलेली असेल तर त्या नोंदणीवर पर्यटक फिरवता येत नाहीत. नद्या-जलाशयांतल्या यांत्रिक बोटींना २०२१ चा अंतर्देशीय जलयान कायदा लागतो, त्यानं १९१७ चा कायदा मागं टाकला. नोंदणी आणि सर्वेक्षण प्रमाणपत्रासाठी महाराष्ट्र मेरीटाईम बोर्डाशी आधी बोलून घ्या, बोट घेतल्यावर नव्हे. धरणाच्या पाण्यावर उतरवायची तर जलसंपदा विभागाची परवानगी वेगळी. राधानगरी आणि काळम्मावाडीच्या जलाशयांभोवती राधानगरी अभयारण्य आहे, त्यामुळे तिथं वनविभागही येतो. 'कुणी विचारत नाही' असं सांगणारे भेटतील. ते बोट घेणारे नसतात.

घाटातून आणताना

रस्त्यावर साध्या परवानगीत मालाची रुंदी २.६ मीटरपर्यंत, म्हणजे साधारण साडेआठ फूट. बोट त्याहून रुंद असेल तर वेगळी परवानगी आणि खर्च आला. करूळ, फोंडा, आंबा, आंबोली, कुठलाही घाट धरा, तळाचा बूच काढून ठेवा, डिझेल आणि पाणी उतरवा, बॅटरी काढा. बोट ट्रेलरच्या आडव्या पाइपवर नव्हे, तळाच्या मधल्या कण्यावर टेकली पाहिजे, नाहीतर वळणावळणाला एफआरपीला तडे जातात. बोट समुद्रातच चालवायची असेल तर ती तिथंच राहू द्या. फक्त इंजिन काढून आणा. त्याला पिकअप पुरतो.

दुरुस्ती: समुद्राकडून आत या

इंजिन गरम होतंय म्हटल्यावर आपल्याकडं पहिला हात थर्मोस्टॅटकडं जातो. बोटीत पाणी ज्या क्रमानं जातं त्याच क्रमानं तपासत या: समुद्राचं पाणी आत घेणारा तळाचा कॉक, गाळणी, पंप, हीट एक्स्चेंजर, एक्झॉस्टचा एल्बो म्हणजे वाकडा जोड.

कॉक पूर्ण उघडतो का बघा. तो हार्डवेअरच्या दुकानातला पितळी असेल तर काढून गनमेटलचा घाला, कारण साधं पितळ खाऱ्यात कुजतं आणि हा कॉक तुटला तर बोट बुडते. पाण्याखालच्या प्रत्येक पाइपला दोन-दोन स्टीलच्या क्लिपा. पंपाच्या ओढीकडचा पाइप तार भरलेलाच हवा. साधा रबरी पाइप आयडलला ठीक राहतो, पण वेग वाढला की पंपाच्या ओढीनं आत चिमटतो आणि इंजिन फक्त जोरात चालवताना गरम होतं. हा दोष मिस्त्रीच्या शेडमध्ये कधीच सापडणार नाही, कारण शेडमध्ये कुणी इंजिन तेवढं पळवत नाही.

आता पंप. पुढचं छोटं पितळी झाकण पाच-सहा स्क्रूंवर असतं. ते काढलं की आत रबराचा इंपेलर दिसतो, त्याची पाती सगळी एकाच दिशेला वाकलेली. पक्कडीनं तो सरळ ओढून काढा आणि पाती मोजा. बुंध्याशी चीर असेल, कड कडक झाली असेल, किंवा पातं गायब असेल तर नवा घाला. गायब झालेलं पातं कुठं गेलं हे शोधल्याशिवाय पंप बंद करू नका. ते पुढं हीट एक्स्चेंजरच्या तोंडाशी अडकून बसलेलं असतं, आणि नवा इंपेलर घालूनही इंजिन गरम होतच राहतं. नवा बसवताना साबणाचं पाणी लावा, ग्रीस किंवा व्हॅसलीन नको, त्यानं रबर फुगतं. झाकणाच्या आतल्या बाजूला गोल चरे खोल पडले असतील तर ते उद्यमनगरात सरफेस ग्राइंड करून घ्या. तळाचा कॉक बंद ठेवून इंजिन सुरू केलं तर हा इंपेलर मिनिटभरातही जळू शकतो. एक इंपेलर बोटीत कायम ठेवा आणि दरवर्षी बदला. पंपाच्या अंगाला खाली एक बारीक भोक असतं. तिथून पाणी ठिबकत असेल तर आतलं सील गेलंय. ते भोक एम-सीलनं बुजवलेलं दिसलं तर आधीच्या मालकाची पद्धत कळली. काही इंजिनांत हे पाणी भोकातून बाहेर येण्याऐवजी मग थेट तेलात जातं.

हीट एक्स्चेंजर म्हणजे नळकांड्यात बारीक नळ्यांचा जुडगा. बाहेर काढून रेडिएटरवाल्याकडं न्या, पण काय करायचं ते सांगून. आधी क्षार काढायचा: सौम्य ॲसिड, अंगाला ॲल्युमिनियम असेल तर ॲसिड लावायचंच नाही, आणि नंतर भरपूर पाण्यानं धुणं. मग दोन्ही तोंडं बंद करून साधारण १५ पीएसआय हवा द्यायची आणि पाण्याच्या टाकीत बुडवायचा. तिथंच उभे राहा. बुडबुडा यायला दोन-तीन मिनिटं लागतात आणि घाईतला कारागीर तेवढा थांबत नाही. एखाद-दुसरी नळी फुटली असेल तर दोन्ही टोकं बुजवून चालतं. एक्स्चेंजरच्या अंगात पेन्सिलीसारखा झिंकचा तुकडा आट्यांवर बसवलेला असतो. तो निम्मा झिजला की बदला. त्याच्या आट्यांना टेफ्लॉन टेप लावू नका. धातूला धातू टेकला नाही तर तो काहीच काम करत नाही.

शेवटी एल्बो. धूर आणि पाणी इथं पहिल्यांदा भेटतात, म्हणून सगळ्यात आधी हाच सडतो. काढून आत टॉर्च मारा. कार्बन आणि मिठाची साय आतून चढलेली असते, कधी बोटही जाणार नाही इतकी. असा एल्बो पाण्यालाही अडवतो आणि धुरालाही, म्हणून इंजिन गरमही होतं आणि दमही टाकतं. त्याची आतली भिंत सडली तर पाणी मागं फिरून सिलिंडरमध्ये उतरतं.

हाच धोका दुसऱ्या एका सवयीनं येतो. इंजिन पकडत नाही म्हणून आपण पुन्हा पुन्हा स्टार्टर मारतो. प्रत्येक वेळी पंप पाणी ढकलत असतो, पण ते बाहेर फेकायला धूर नसतो. पाणी सायलेन्सर भरून मागं चढतं. दोन-तीनदा मारून सुरू झालं नाही तर तळाचा कॉक बंद करा, आणि इंजिन पकडल्याक्षणी उघडा.

सिलिंडरमध्ये पाणी गेल्याची शंका आली तर स्टार्टर अजिबात मारू नका. पाणी दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. सगळी नोझल्स काढा, क्रँकच्या पुलीवर पाना लावून हातानं फिरवा, पाणी बाहेर येऊ द्या. मग सिलिंडरमध्ये थोडं तेल, पुन्हा फिरवणं, इंजिनाचं तेल बदलून चालवणं, ते दुधाळ झालं की परत बदलणं. हे त्याच दिवशी झालं तर इंजिन बहुधा वाचतं. रविवारपर्यंत थांबलात तर रिंगा चिकटतात.

उद्यमनगरात काय द्यायचं

लायनर, पिस्टन, बेअरिंग, व्हॉल्व, नोझल बिनधास्त द्या. ट्रकचे भाग जमतात, पण प्लेटवरचा मॉडेल नंबर दाखवून खात्री करा. वॉटर जॅकेटचे प्लग मात्र पितळी मागा, ट्रकचे पत्र्याचे खाऱ्यात फार टिकत नाहीत.

एल्बो ओतून घेण्याचा मोह इथं प्रत्येकाला होतो. शिरोलीला, गोकुळ शिरगावला फाउंड्री आहेत, आणि जुना एल्बो साच्यात दाबून नवा काढून देणारा भेटतोही. पण बीड गार होताना साधारण एक टक्का आकसतं. ३०० मिलीमीटरचा भाग ३ मिलीमीटर आखूड होतो आणि बोल्टची भोकं जुळत नाहीत. पॅटर्न मेकर आकसाची भर धरून, मशीनिंगसाठी माल सोडून वेगळा पॅटर्न बनवणार असेल तरच जा. आतल्या पाण्याच्या पोकळीचा कोअर सरकला तर एका बाजूची भिंत कागदाइतकी राहते, म्हणून पाण्याच्या दाबानं तपासल्याशिवाय ताब्यात घेऊ नका. एकाच बोटीसाठी हा खटाटोप परवडत नाही. स्टेनलेसचा वेल्ड करून घ्या, ३१६ एल मागा. ३०४ दिसायला तसंच असतं, पण खाऱ्या वाफेत पिन मारल्यासारखी भोकं पडतात.

डिझेल, वीज, शाफ्ट

इंजिन चालता चालता दम टाकत असेल तर टाकी आणि लाइन बाजूला ठेवून बघा: स्वच्छ कॅन इंजिनापेक्षा उंच धरून, नव्या पाइपनं थेट डिझेल द्या, हवा काढा. आता नीट चाललं तर दोष टाकीत, पाइपात किंवा फिल्टरमध्ये. ओढीकडच्या पाइपाला भेग असेल तर डिझेल बाहेर गळत नाही, हवा आत ओढली जाते, म्हणून कोरडा दिसणारा जोडही दोषी असतो. टाकीच्या तळाचं पाणी आणि काळा चिखल उपसून काढा आणि पाणी दिसणारी काचेची वाटी असलेला फिल्टर लावा.

स्टार्टर मंद फिरतो म्हणून बॅटरी बदलण्याआधी मीटर लावा: एक टोक बॅटरीच्या मायनसवर, दुसरं इंजिनाच्या ब्लॉकवर, आणि स्टार्टर मारा. अर्ध्या व्होल्टच्या वर आकडा आला तर अर्थची केबल सडलीय. इंजिन चालू असताना बॅटरीचा मेन स्विच कधीही बंद करू नका, अल्टरनेटरचे डायोड जातात.

शाफ्ट तळातून बाहेर जातो तिथं पाणी अडवणारा ग्लँड आपल्याला नवा नाही. पाण्याच्या पंपाला घालतो तीच चौकोनी डोरी, कड्या कापून, सांधे एकावर एक येऊ न देता. फरक इतकाच की इथं चालताना थेंब-थेंब पाणी येऊ द्यायचं. कोरडा आवळलात तर शाफ्टला चर पडतो. हात लावून बघा, ग्लँड कोमट चालेल, गरम नको. इंजिन बसवल्यावर कपलिंगची रेषा फीलर गेजनं लावा. चार इंची कपलिंगला चारी बाजूंच्या फटीत चार थाउ, म्हणजे ०.१ मिलीमीटरपेक्षा जास्त फरक नको. हे काम बोट दिवसभर पाण्यात तरंगल्यानंतरच करा. काठावर ठेवलेल्या बोटीचा आकार थोडा वेगळा बसतो, आणि तिथं लावलेली रेषा पाण्यात चुकते.

गोड्या पाण्यात उतरवताना आणि पावसाळ्याआधी

समुद्रातली बोट जलाशयावर आणली की झिंक काढून मॅग्नेशियमचे तुकडे लावा. गोड्या पाण्यात झिंकवर थर बसतो आणि ते काम थांबवतं. दोन्हीकडं न्यायची असेल तर ॲल्युमिनियमचे. मॅग्नेशियम लावून परत खाऱ्यात नेऊ नका, ते भराभर संपतं. समुद्रात असाल तर प्रत्येक फेरीनंतर गोड्या पाण्यानं पाण्याची वाट धुवा: ओढीचा पाइप बादलीत टाकून इंजिन दहा मिनिटं चालवायचं, नळ थेट पंपाला जोडायचा नाही.

मेअखेरीला बोट ओढण्याआधी तेल बदला, पावसाळ्यानंतर नव्हे. जुन्या तेलातलं आम्ल तीन महिने बेअरिंगवर बसू नये. डिझेलची टाकी गच्च भरा, रिकाम्या जागेत ओलावा धरतो. इंपेलर काढून ठेवा, म्हणजे पाती वाकलेली राहून कडक होणार नाहीत. एक्झॉस्टच्या तोंडात तेलाचा बोळा घाला, नाहीतर दमट हवा आणि उंदीर दोन्ही आत जातात. आणि हे सगळं काढून ठेवलंय याची चिठ्ठी किल्लीलाच दोऱ्यानं बांधा, कारण ऑगस्टअखेरीला सगळ्यात आधी बोटीवर चढून स्टार्टर मारणारा तुमचा मेहुणा असणार आहे.